मोर्तब आलं का?

शाळेत शून्याची भीती वाटायची. नोकरीला लागल्यावर मात्र सव्वीस वर्षं मी रोज रात्री शून्याचीच वाट पाहिली. संगणकावरचा प्रत्येक प्रोग्रॅम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. युनिक्समध्ये तो 0 असेल तर काम झालं, 1 ते 255 पैकी काही असेल तर काम बिघडलं. काम नीट होण्याची तऱ्हा एकच आणि बिघडण्याच्या 255, हा हिशेब मला पहिल्याच दिवशी पटला होता.

1996 मध्ये मी साताऱ्यात एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभागात रुजू झाले. वडूज, दहिवडी, पाटण, मेढा अशा शाखांमध्ये प्रत्येकी एक युनिक्सचं यंत्र असे. दिवसाचे व्यवहार बंद झाले की त्या यंत्रांवर रात्री काही स्क्रिप्ट चालवायच्या, म्हणजे हुकुमांच्या याद्या. खाती जुळवा, दिवसाची फाइल बांधा, मुख्य कार्यालयाकडे पाठवा. मी साताऱ्यात बसून हुकूम सोडायचे आणि तो पाळायचं ते यंत्र माणदेशात किंवा कोयनेच्या खोऱ्यात. हुकूम सोडायला मी आठवड्यात शिकले. तो पाळला गेला की नाही, हे खात्रीनं सांगायला शिकण्यात मात्र पुढची सगळी वर्षं गेली. मला सांगायचा आहे तो ही पोच मिळवण्याचा इतिहास.

काम संपताना आकडा मागे ठेवण्याची रीत युनिक्सच्याही आधीची. आयबीएमनं 1964 मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम 360 या मेनफ्रेम संगणकावर कामाचा निकाल चारच्या पाढ्यात येई: 0 म्हणजे ठीक, 4 म्हणजे इशारा, 8 म्हणजे चूक, 12 म्हणजे मोठी चूक, 16 म्हणजे पुढे जाण्यात अर्थ नाही. वाय-टू-केच्या लाटेत पुण्या-मुंबईची जी मुलं मेनफ्रेमच्या कामाला लागली, त्यांना हे आकडे तोंडपाठ. त्या यंत्रावर ‘आयईएफबीआर-14’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. काहीही न करणं हेच त्याचं काम. फाइल तयार करणं किंवा पुसणं ही कामं यंत्रणा स्वतःच करायची, पण त्यासाठी एखादा प्रोग्रॅम चालवल्याची नोंद लागायची, म्हणून हा. आत एकच सूचना: आलास तिकडे परत जा. तरी त्यात चूक निघाली. निकालाचा आकडा ज्या 15 क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ठेवायचा, ते शून्य करायचं राहून गेलं होतं. त्यामुळे काहीच न करणारा प्रोग्रॅम काहीतरी बिघडल्याचं सांगायचा. मग आणखी एक सूचना घालून रजिस्टर 15 शून्य केलं गेलं. नवीन मुलांना शिकवताना मी ही गोष्ट नेहमी आधी सांगायचे. काम करणं वेगळं आणि कामाचा निकाल सांगणं वेगळं, हे इतक्या लहान जागेत दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

निकाल कोणत्या वाटेनं सांगायचा, हा पुढचा प्रश्न. 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं आणि तिथे छपाईसाठी फोटोटाइपसेटर आलेला होता. त्यातून निघालेला कागद वासाच्या रसायनांच्या यंत्रात घालायचा, काही मिनिटं थांबायचं, मग अक्षरं उमटायची. एका दुपारी तिथल्या काही जणांनी एवढं सगळं केलं आणि हाती आलेल्या कागदावर सुबक टाइपात एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता आली नाही. चूक झाल्याचा निरोप छपाईच्या मजकुराच्या वाटेनंच गेला होता. स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगून ठेवलेली ही हकीकत आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत युनिक्समध्ये चुकांसाठी स्वतंत्र वाट आली, जिला आम्ही स्टँडर्ड एरर म्हणतो. काम एका वाटेनं जाईल, तक्रार दुसऱ्या वाटेनं. आज जगातला जवळजवळ प्रत्येक सर्व्हर ही रीत पाळतो.

पण ती वाट यंत्राच्या भिंतीपर्यंतच. यंत्र दहिवडीला आणि मी साताऱ्यात, तर तक्रार माझ्यापर्यंत कशी येणार? आमच्या शाखांमध्ये एससीओ युनिक्स होतं. एकदा दहिवडीची फाइल सलग दोन रात्री आली नाही. फोन केला तर तिथले हेडक्लार्क भाऊ म्हणाले, “मॅडम, मशीन चालू आहे. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय, पण ते परवापासून येतंय.” मी म्हटलं, “भाऊ, एकेक अक्षर वाचून सांगा.” त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. ‘एचडी 1/42’ वर जागा उरली नाही, असा तो निरोप होता. डिस्क भरली होती. यंत्र दोन दिवस घसा कोरडा करून सांगत होतं, पण ज्या पडद्यावर सांगत होतं त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं काम पासबुकं भरण्याचं होतं. भाऊंची त्यात काही चूक नव्हती.

तेव्हा आमचा संपर्क यूयूसीपीनं चाले. माइक लेस्क यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेली ही पद्धत: मोडेमनं फोन लावायचा, साठलेल्या फाइली आणि हुकूम पलीकडे द्यायचे, फोन ठेवायचा. आपल्याकडे अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या सुरुवातीला, 1986-87 च्या सुमारास, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल गेली ती अशाच डायल-अपवर. यूयूसीपीत दूरच्या यंत्रावर हुकूम चालवण्याचीही सोय होती आणि हुकूम नाकारला गेला तर तसं टपालानं, म्हणजे ईमेलनं, कळवायची रीत होती. आमच्या मांडणीत, काम पाठवता आलं नाही तर एक दिवसानं इशारा यायचा आणि सात दिवसांनी काम रद्द होऊन परत यायचं. विद्यापीठांना हा वेग चालून गेला. बँकेला सकाळी दहा वाजता काउंटर उघडायचा असतो.

पुढे काही शाखांना लीज लाइन मिळाली आणि आम्ही बर्कलीच्या हुकुमांवर गेलो. 1983 च्या 4.2 बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये दूरच्या यंत्रावर हुकूम चालवणारा ‘आरएसएच’ आला होता. एससीओवर त्याचं नाव ‘आरसीएमडी’, कारण आरएसएच हे नाव तिथे दुसऱ्याच कामाला दिलेलं होतं. याच्या कर्त्यांनी एक गोष्ट फार समजून केली होती. तक्रारींच्या वाटेसाठी ते दोन यंत्रांमध्ये दुसरी स्वतंत्र जोडणी उघडत. दहिवडीची तक्रार आता साताऱ्यात दिसू लागली. पण शेवटचा आकडा, ते शून्य, आणायचं मात्र राहिलं होतं. आरएसएच परत द्यायचा तो स्वतःचा निकाल. पलीकडचा प्रोग्रॅम कोसळला तरी तो 0 म्हणे, कारण हुकूम पोचवण्याचं त्याचं काम झालेलं असे.

यावर सगळ्या जगभर एकच तोडगा चाले. शेलमध्ये, म्हणजे हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शेवटच्या कामाचा निकाल प्रश्नचिन्ह नावाच्या चलात असतो. मग हुकुमाच्या शेपटीला जोडायचं: काम संपल्यावर ते प्रश्नचिन्ह छापून दाखव. छापलेल्या मजकुराची शेवटची ओळ उचलायची, तिच्यातला आकडा तपासायचा. मीही तेच केलं. माझ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं: आकडा शून्याहून वेगळा असेल तर ‘बिघाड’, नाहीतर ‘ठीक’. एका पावसाळी रात्री पाटणची लाइन कामाच्या मध्येच तुटली. आकडा आलाच नाही. शेलनं रिकाम्या जागेची तुलना शून्याशी करून पाहिली, कुरकुर केली आणि ‘नाहीतर’च्या फाट्याला गेला. माझ्या तक्त्यात पाटणपुढे ‘ठीक’ लागलं. सकाळी पाटणच्या शाखेत आदल्या दिवशीच्याच शिलका होत्या आणि पेन्शन काढायला आलेली माणसं दुपारी एकपर्यंत बाकावर बसून राहिली. ‘ठीक’ हा शब्द माझ्या स्क्रिप्टनं लिहिला होता. तो पुरावा नसताना लिहिला गेला, हे मी विसरले नाही.

झालं, झालं नाही आणि कळलं नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते पाटणनं शिकवलं. पालो आल्टोला झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी फेब्रुवारी 1984 मध्ये छापलेल्या निबंधात ते आधीच मांडून ठेवलं होतं. दूरच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावरचा असल्यासारखा बोलावता यावा, यासाठी त्यांनी यंत्रणा बांधली होती. त्यांनी दिलेलं वचन मोजून-मापून होतं. उत्तर आलं तर काम नेमकं एकदा झालं आहे असं समजा. उत्तराऐवजी तक्रार आली तर काम एकदा झालं असेल किंवा अजिबात झालं नसेल, दोन्हींपैकी काय ते आम्ही सांगू शकत नाही. मला हा निबंध नोकरीच्या दहाव्या वर्षी वाचायला मिळाला आणि त्यातला प्रामाणिकपणा फार भावला. माहीत नाही असं स्वच्छ सांगणारं यंत्र बांधणं हे मोठं काम आहे. व्याज जमा करण्याचा हुकूम पुन्हा सोडावा की नाही, हे त्या एका उत्तरावर ठरतं. दोनदा सोडला तर दुप्पट व्याज पडेल.

पाटणनंतर मी नियम केला: शाखेच्या प्रत्येक स्क्रिप्टनं अगदी शेवटी एक ठरलेली ओळ छापायची. ती नसेल तर निकाल ‘ठीक’ही नाही आणि ‘बिघाड’ही नाही, ‘अज्ञात’. त्या ओळीसाठी मी शब्द निवडला ‘मोर्तब’. शिवकाळात आणि पेशवाईत पत्राचा मजकूर संपला की तिथे मोर्तबाची लहान मुद्रा उमटवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असते, म्हणजे इथे मर्यादा झाली. ती मुद्रा दिसली नाही तर पत्र अपुरं आहे किंवा खाली कुणी काही घुसडलं आहे असा संशय घेता येई. मला हवी होती ती हीच हमी. रात्रपाळीची मुलं फोनवर विचारू लागली, “मॅडम, मेढ्याचं मोर्तब आलं का?” पुढची कित्येक वर्षं आमच्या खात्यात हाच शब्द चालला.

1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले आणि टाटू युलोनेन यांनी आरएसएचच्या जागी वापरता येणारं एसएसएच लिहिलं. त्याचा बोलबाला सुरक्षिततेसाठी झाला आणि तो योग्यच आहे. पलीकडच्या यंत्रावरचा आरएसएचचा भाबडा विश्वास 1988 मध्ये यंत्रायंत्रांत पसरलेल्या मॉरिस वर्मनं उघडा पाडलेला होताच. पण माझ्यासारख्या बाईला त्याची दुसरी देणगी मोठी वाटली: एसएसएच पलीकडच्या कामाचा खरा आकडा आणून देतं. 2006 च्या आरएफसी 4254 या मानकात त्यासाठी दोन वेगळे निरोप नोंदलेले आहेत, एक प्रोग्रॅम आपणहून संपला तर त्याचा आकडा सांगणारा, दुसरा त्याला कुणी मध्येच मारलं तर कोणत्या सिग्नलनं मारलं ते सांगणारा. आणि जोडणीच बिघडली तर एसएसएच 255 देतं. इथे मात्र एक फट राहिली आहे. पलीकडचा प्रोग्रॅमही 255 देऊन संपू शकतो. मग 255 दिसल्यावर लाइन गेली की काम बिघडलं, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही. त्यामुळे एसएसएच आल्यावरही मी मोर्तब काढलं नाही.

आकड्याची आणखी एक मर्यादा मला 2003 मध्ये भेटली. आमच्यातल्या एका हुशार मुलानं व्याजाच्या नोंदी तपासणारी स्क्रिप्ट लिहिली. जितक्या नोंदी चुकल्या तितका आकडा ती शेवटी परत द्यायची. कल्पना चांगली होती. नोंदी 256 च्या गठ्ठ्यांत तपासल्या जात. एका शाखेत तारखेचा रकाना सरकला आणि एका गठ्ठ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या नोंदी चुकल्या. युनिक्स निकालाचे फक्त आठ बिट पुढे नेतं. 255 नंतर पुन्हा 0 येतो. 256 चुकांचा निकाल आला शून्य. दहा चुका असत्या तर घंटा वाजली असती. मोर्तबही आलं होतं, कारण स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली होती. ती चूक दुसऱ्या दिवशी एका खातेदारानं पासबुक पाहून दाखवली. त्या मुलाला मी रागावले नाही. आम्ही दोघांनी बसून सगळ्या स्क्रिप्टचे शेवट तपासले, आणि तेव्हापासून मोर्तबाच्या ओळीतच किती नोंदी आल्या, किती झाल्या, किती चुकल्या हे तीन आकडे छापू लागलो.

पाइपचंही असंच आहे. एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्यात ओतला की निकाल फक्त शेवटच्याचा मिळतो. बॅकअप काढणारा मेला आणि फाइल आवळणारा जगला, तर सुबक आवळलेली रिकामी फाइल आणि 0. बॅश या शेलमध्ये यावरचा ‘पाइपफेल’ हा उपाय 2004 मध्ये आला.

युनिक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉननं निरोप पोचवण्याची जबाबदारी ईमेलवर टाकली. कामानं काही छापलं की ते मालकाला ईमेलनं जातं. या साध्या सोयीवर जगानं किती भार टाकला आहे, ते 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीत दिसलं. थकलेल्या एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअपचं अवजार 9.2 चं, म्हणून ते रोज चूक दाखवून थांबत होतं. क्रॉन त्याची ईमेलही पाठवत होता. त्या ईमेलवर डीमार्क या तपासणीसाठी लागणारी सही नव्हती, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरनं त्या दारातूनच परत लावल्या. काम बिघडलं, त्यानं तसं सांगितलं, सांगणं निघालंही, आणि उंबऱ्यावर अडलं. वाचवलं ते सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं. त्या कंपनीनं ही सगळी हकीकत लोकांसमोर मांडली, दुरुस्तीचं कामही थेट दाखवलं. आमच्या धंद्यावर हे त्यांचे उपकार आहेत. मी तो अहवाल छापून आमच्या खोलीतल्या फळ्याशेजारी लावला होता.

दहिवडीच्या पडद्यासारखीच गत त्याआधी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या कंपनीची झाली होती. 1 ऑगस्ट 2012 रोजी त्यांच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला होता. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेनं एका गटाला 97 ईमेल पाठवल्या, ज्यांत बंद पडलेल्या जुन्या भागाचं नाव होतं. त्या ईमेल धोक्याचा इशारा म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, कुणी त्यावर काही केलं नाही. पाऊण तासात कंपनीचे 46 कोटी डॉलरहून अधिक गेले.

मी निवृत्तीकडे आले तेव्हा आम्ही अनेक यंत्रांना एकदम हुकूम देणारं अँसिबल वापरू लागलो होतो. त्याआधी, 1993 मध्ये, ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहून एक वेगळी दिशा दिली होती: यंत्राला ‘हे कर’ म्हणण्यापेक्षा ‘अशा स्थितीत ये’ असं सांगा. मग तोच हुकूम दोनदा गेला तरी दुप्पट व्याजाची भीती नाही, आणि ‘कळलं नाही’ यावर औषध म्हणजे पुन्हा सांगणं. 2012 च्या अँसिबलमध्ये शेवटी एक तक्ता येतो, त्यात प्रत्येक यंत्रापुढे ‘फेल्ड’ आणि ‘अनरीचेबल’ हे दोन स्वतंत्र रकाने आहेत. पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा पाटणच्या बाकावर बसलेली माणसं डोळ्यांसमोर आली आणि डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या मुलीला ते समजलं नाही. मी तिला ती रात्र सांगितली.

एक प्रकार मात्र तक्त्यात मावत नाही: हुकूम बरोबर पाळला जातो आणि त्यानंच परतीची वाट बंद होते. मेढ्याच्या फायरवॉलचे नियम मी साताऱ्याहून बदलले आणि माझीच जोडणी त्या नियमांत अडकली. यंत्र माझ्या आज्ञेत होतं, फक्त मला ऐकू येईना. तेव्हापासून आमची पद्धत पक्की झाली. असा बदल करण्यापूर्वी त्या यंत्रावर आधी दुसरा हुकूम ठेवायचा, की पाच मिनिटांत मी परत येऊन रद्द केलं नाही तर जुने नियम लाव.

2023 च्या जुलैत मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. 21 तारखेला व्हॉयेजर-2 ला गेलेल्या हुकुमांत चूक झाली, त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळली आणि बोलणं थांबलं. 1977 साली निघालेलं ते यान तेव्हा सुमारे 1990 कोटी किलोमीटरवर होतं. त्याच्या बांधणाऱ्यांनीही मेढ्यासारखीच तजवीज करून ठेवली होती. वर्षातून काही वेळा ते आपणहून अँटेना पृथ्वीकडे वळवतं, आणि तशी पुढची वेळ 15 ऑक्टोबरला होती. नासानं तोवर थांबायचं नाही असं ठरवलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या मोठ्या अँटेनामधून यानाच्या दिशेनं पूर्ण जोरानं हुकूम सोडला: पृथ्वीकडे वळ. तो पोचायला साडेअठरा तास आणि पाळला गेला की नाही हे कळायला आणखी साडेअठरा. ती बातमी वाचून मी त्या दोन रात्री नीट झोपले नाही. 4 ऑगस्टला सकाळी चहा ठेवता ठेवता फोन वाजला. खात्यातला जुना सहकारी होता. नमस्कारसुद्धा न करता म्हणाला, “मॅडम, मोर्तब आलं.”